पिवळी टेप

पलंगापासून पाच फुटांवर वायरमनने फरशीवर पिवळी टेप चिकटवली होती. त्याला चार फूट सांगितले होते, पण वायर कापताना फूटभर जास्तीची ठेवावी ही त्याची जुनी सवय. टेपच्या अलीकडे त्याची खुर्ची. पलीकडे पलंगावर बायको आणि तिच्या कमरेखाली चुंबकाची गादी. गादी चालू असताना त्याने टेप ओलांडायची नव्हती, कारण त्याच्या छातीत पेसमेकर होता. तिचा मणका आणि त्याचं हृदय, दोन्हींना एकाच वेळी सांभाळेल असं यंत्र अजून निघालेलं नाही.

आज एकविसावा दिवस. फिजिओबाई दुखणं मोजायला आल्या होत्या. या वयात ऑपरेशन नको म्हणून मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा फिजिओबाईंनीच ही गादी सुचवली होती. कापाकापी नाही, सुई नाही. रोज तासभर नुसतं पडून राहायचं.

"एक ते दहामध्ये किती दुखतंय, काकू?"

"तीन."

"तीन!" वायरमन खुर्चीतून म्हणाला. "पहिल्या दिवशी आठ होतं, बाई. मला तर आधी पटलंच नव्हतं. ना झटका, ना गरमी, ना आवाज, हा कसला करंट? पण गुण आला बुवा. तासभर मी इथं राखण करतो, हूं की चूं नाही करत ही."

"राखण पुरे. चहा टाका," बायको म्हणाली. "पोरगी उन्हातून आलीये."

भिंत धरत तो स्वयंपाकघरात गेला. जाताना प्लगचा लाल दिवा तेवढा बघून गेला. लाल दिवा लागला म्हणजे वीज फक्त बटणापर्यंत आली, पुढचं पुढे तपासावं, असं तो चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना बजावत आला होता. घरात मात्र त्याने कधी तपासलं नाही.

फिजिओबाईंनी गादीच्या यंत्राच्या पाठीवरचा आकडा पाहिला. गादी किती तास चालली ते यंत्र स्वतःच मोजायचं. वीस तास व्हायला हवे होते. झाले होते चार आणि वर काही मिनिटं.

"काकू, ही बंद पडलीये का?"

"हळू बोल." बायकोने दाराकडे पाहिलं. "चांगली आहे. मीच लावत नाही."

उशीखालचा रिमोट तिने अर्धा बाहेर काढून दाखवला आणि परत आत सारला.

"पाचव्या दिवशी पायात गोळा आला. मी ओरडले. टेप-बिप विसरून हे धावत आले. इथं बसले, पाय चोळत राहिले. गादी चालूच. मला भानच नाही गं. मग बघते तर ह्यांचा चेहरा पांढराफटक. घामाने शर्ट ओला. म्हणतात, धावलो ना, म्हणून." ती थांबली. "त्या दिवसापासून बटण दाबलं नाही."

"त्यांना तासभर बाहेर पाठवा ना."

"कुठं पाठवू? जिन्यात चक्कर येते. पलीकडच्या खोलीत बसवून पाहिलं, तर दाराला कान लावून उभे. मी 'आई गं' म्हटलं की ह्यांचे पाय निघालेच. पन्नास वर्षांची खोड आहे, टेपने जाते होय?"

"पण आता तर तुम्ही कण्हत नाही म्हणाले काका."

बायकोने चादरीचं टोक उचलून दाखवलं. ते चघळून चघळून चिंधी झालं होतं. "हे तोंडात धरते. एखाद्या दिवशी सुटेल तोंडातून. त्या दिवशी गादी बंद असलेली बरी."

फिजिओबाईंनी हातातला नोंदींचा कागद पाहिला. चार दिवसांत आठाचं पाच झालं होतं, हे त्यांच्याच हस्ताक्षरात त्या कागदावर होतं.

"खरा आकडा किती, काकू?"

"नऊ. दहा होऊ दे, मग बघू."

"मी काकांना सांगते."

"सांग की. हट्टाने बटण दाबायला लावतील आणि पहिल्या कळेला इथं येऊन बसतील. मग मी कुणाला हाक मारू?"

स्वयंपाकघरात कपबशी वाजली. बायकोने चादरीचं टोक अंगाखाली लपवलं.

वायरमन कप घेऊन आला आणि टेपला पायाचा अंगठा लागताच थांबला. त्याच्या मते आजचा तास अजून संपला नव्हता. कप घ्यायला फिजिओबाई उठल्या.

"राहू दे, मी घेते," बायको म्हणाली. ज्याचं दुखणं तीनच, त्याला एवढं जमायलाच हवं. ती कोपरावर उठली, कुशीवर वळली, हात लांबवला. त्यानेही टेपवरून हात लांबवला. बशी थरथरली, पण चहा सांडला नाही.

"दुखलं?"

"छे."

"बघितलंत?" त्याचा चेहरा उजळला. "तीनच लिहा, बाई."

फिजिओबाईंनी खाली मान घालून तीन लिहिलं.

"गुण येतोय म्हटल्यावर आपणही शिस्त पाळली पाहिजे," तो म्हणाला. "उद्या टेप आणखी फूटभर मागं घेतो."

"अहो, मग कप कसा पोचायचा?"

"वळशील की अजून थोडी," तो म्हणाला. "आता तीनच तर राहिलंय."