तुमच्यात काय झालं?

कादंबरीची प्रत्येक प्रत, पहिल्या पानावर ज्याचं नाव असेल त्याच्या मनाप्रमाणे बदलू लागल्यापासून सोसायटीच्या वाचक मंडळात चर्चेला एकच प्रश्न उरला होता: "तुमच्यात काय झालं?"

या रविवारी मंडळाचे संस्थापक वर्तक स्वतः वाचायला उभे राहिले.

"नायिकेचा नवरा कोथिंबीर आणायला गेला, तो परत आलाच नाही. दुसऱ्याच दिवशी तिने पेटी शिकायला घेतली."

हशा पिकला. वर्तकांनी घाईघाईने पहिलं पान उघडलं. त्यावर बायकोचं नाव होतं. घरातल्या दोन्ही प्रतींना एकाच वर्तमानपत्राची कव्हरं घातल्यामुळे अदलाबदल झाली होती.

"कुंदा, ही तुझी प्रत आहे!" ते सगळ्यांसमोर कडाडले. "लाज नाही वाटत?"

"मग माझ्या पिशवीतली तुमची असणार," चहाचे कप देता देता कुंदाताई म्हणाल्या.

"वहिनी, आता वाचाच," शेजारचे साळुंखे म्हणाले.

कुंदाताईंनी पानं उलटली. आधी भरभर, मग सावकाश.

"अगं, काय झालं माझ्यात?"

"तुमच्यात नायकाला बायकोच नाही," त्या म्हणाल्या. "चहा मात्र वेळेवर येतो."

या वेळी कोणी हसलं नाही. वर्तकांच्या हातात कुंदाताईंनी दिलेला कप होता. तो कुठे ठेवावा, हे त्यांना सुचेना.