चौदा हजार फुटांवरचा चहा

मिस्टर ट्रेगियरनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप खाली ठेवून दिला. "हाच तो पाला," ते म्हणाले. "तक्रारीत लिहिलाय तोच."

दोन्या इर्मेलिंदाच्या पायाखालची जमीन सरकली. अल्तो ब्लांको स्टेशनातली ही चहाची खोली ती अकरा वर्षं चालवत होती, नवरा गेल्यापासून एकटीच. बंदराकडून सरोवराकडे जाणारी गाडी दुपारी इथं पाऊण तास थांबायची. रेल्वे कंपनीची अट एकच होती: उतारूंना चहा म्हणजे चहाच द्यायचा, कोका या डोंगरी झुडपाच्या पानांचा काढा द्यायचा नाही. तो हमालांनी आणि लामा ही ओझ्याची जनावरं हाकणाऱ्यांनी प्यावा. इर्मेलिंदानं ही अट देवाची आण असावी तशी पाळली होती. सिलोनचा चहा ती बंदरावरून मागवायची, आणि डब्याला कुलूप घालायची.

पण एवढ्या उंचीवर पाण्याचंच डोकं फिरलेलं. उकळतं चटकन, तापत मात्र नाही. जिथं बटाटा शिजायला तीन तास लागतात तिथं चहाला रंग कुठून येणार? पत्ती दुप्पट घाला नाहीतर चौपट, कपात यायचं ते पिवळं पाणीच. शेवटी कुणा उतारूनं कंपनीला खरमरीत पत्र धाडलं, की ही बाई चहाच्या नावाखाली इथला कोकाचा पाला उकळून पाजते. खोटं होतं, पण छापील कागदावर लिहिलेलं होतं. ठेका ठेवायचा की काढायचा ते ठरवायला ट्रेगियरसाहेब आज स्वतः गाडीतून उतरले होते.

या दिवसासाठी इर्मेलिंदानं जिवाचं रान केलं होतं. तिची म्हातारी स्वयंपाकीण सातुका बटाट्याच्या हंडीचं तोंड कणकेनं लिंपायची आणि झाकणावर धोंडा ठेवायची. वाफ कोंडली की बटाटा तासाभरात मऊ. इर्मेलिंदानं आज चहालाही तेच केलं. पाणी, पत्ती, सगळं आत घालून तोंड बंद. हंडी उघडली तर काय, लालभडक, कडक, घमघमणारा चहा. अकरा वर्षांत असा उतरला नव्हता. तिनं चव घेतली आणि तिला रडूच आलं. सातुकानंही एक घोट घेतला आणि एवढ्या कडू पाण्यासाठी रडायचं काय, असं विचारलं.

साहेबांना तो पाला लागला. लागणारच हो. समुद्रावरचा माणूस दोन दिवसांत इतका वर आलेला. बोट लागते तसा त्यांना डोंगर लागला होता. डोकं ठणकत होतं, ओठ निळे पडले होते, जीभ कडूजहर झाली होती. ज्याच्या तोंडाला चवच उरलेली नाही त्याच्या जिभेवर एका बाईची भाकरी ठरायची, याला कंपनी न्याय म्हणते.

इर्मेलिंदानं डबा पुढे केला. आईची शपथ घेतली. साहेबांनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाई, मी दात यायच्या आधीपासून चहा पितोय," ते म्हणाले. "मला शिकवू नका."

त्यांनी कागद ओढला, ठेका रद्द केल्याची अर्धी ओळ लिहिली, आणि टाक हातातून गळून पडला. मागोमाग साहेबही खुर्चीवरून घसरले.

गाडीचे गार्ड लिसान्द्रो धावत आले. त्यांनी साहेबांची नाडी पाहिली आणि मान हलवली. "दोन्या, काहीतरी कर. हा इथं मेला तर कंपनी आळ तुझ्या चहावर घालेल."

सातुका आपल्या मडक्यातला कोकाचा काढा घेऊन आधीच उभी होती. डोंगर लागलेल्या माणसाला इथं दुसरं कुणी काही देतच नाही. इर्मेलिंदा त्या काढ्याकडे बघत राहिली. जे पाप केलं नाही म्हणून ती आत्ताच शपथा घेत होती, तेच आता साहेबांच्याच घशात ओतायचं होतं. मग तिनं स्वतःवरच चिडून मडकं हिसकावून घेतलं. ठेका गेलाच आहे, माणूस तरी जगू दे. तिनं कंपनीच्या चिनीमातीच्या कपात काढा ओतला, साखर घातली आणि चमच्या-चमच्यानं पाजायला लागली.

पहिल्या कपाला साहेबांनी डोळे उघडले. दुसऱ्याला उठून बसले. तिसरा त्यांनी स्वतः मागून घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, हुंगला, आणि इर्मेलिंदाकडे रोखून पाहिलं. आता सांगून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

"हिरवा चहा," साहेब हळूच म्हणाले. "चीनचा. माझी आई रविवारी हाच करायची."

गार्ड लिसान्द्रोंना अचानक छताची तुळई बघावीशी वाटली.

"मिस्टर, खरं सांगायचं तर हा..." इर्मेलिंदानं सुरुवात केली, आणि सातुकानं तिच्या पायावर आपला पाय दाबून ठेवला.

"खरं मला कळलंय," साहेब म्हणाले. "असा चहा घरात असताना लोकांना तो पाला पाजता? लाज वाटायला हवी." मग त्यांनी अर्धी ओळ खोडली आणि ठेका पाच वर्षं वाढवल्याचं लिहून दिलं. सिलोनचा डबा हमालांना वाटून टाकायला सांगितला, आणि तो पाला या खोलीत पुन्हा दिसता कामा नये असा शेराही मारला. गाडी सुटली.

अकरा वर्षांत दोन्या इर्मेलिंदानं उतारूंच्या कपात कोकाचं एक पान पडू दिलं नव्हतं. त्या दुपारपासून, कंपनीच्या लेखी हुकमानं, तिनं दुसरं काही पडू दिलं नाही.