आईचं पथ्य

बाळ पाय पोटाशी घेऊन कळवळलं, प्यायलेलं दूध भडाभडा ओकलं, की श्रीवर्धनच्या गोदाकाकू आधी सुनेच्या ताटात डोकावत. वांगं बंद झालं, डाळ बंद झाली, बटाटाही गेला. आता उमाच्या ताटात नुसता मऊ भात आणि तूप उरलं होतं. बाळ मात्र रोज तिन्हीसांजेला तितकंच रडत होतं.

मे महिन्यात गोदाकाकूंचा मुलगा यज्ञेश्वर मुंबईहून बोटीने सुटीवर आला. वाडीतला कापा फणस फोडला. उमाने गऱ्याकडे नुसतं पाहिलं, तर गोदाकाकू कडाडल्या, “खाशील तू आणि सोसेल माझा नातू!” मग मायलेकांनी मिळून अर्धा फणस फस्त केला.

दुपारी यज्ञेश्वर पोट धरून ओसरीवर गडाबडा लोळू लागला. गोदाकाकू कासावीस झाल्या. “काय खाल्लंस रे माझ्या बाळा? सांग ना!”

उमाने खांद्यावरच्या लेकाची पाठ थोपटत ढेकर काढली आणि शांतपणे म्हणाली,

“त्यांना काय विचारता, आई? तुम्ही काय खाल्लंत ते सांगा.”