अहोजाहो

"तुम्ही बसा ना," म्हणत वडील उठले आणि त्यांनी आपली खुर्ची मुलीपुढे सरकवली. "बाईमाणसाला उभं ठेवून आपण बसायचं, हे काही बरं दिसत नाही."

मुलगी बसली. गेलं वर्षभर ते तिला अहोजाहो करत होते. आधी ते तिचं नाव विसरले, मग नातं विसरले, आणि एका सकाळी तिच्या हातून चहाचा कप घेताना म्हणाले, "आभारी आहे हं, बाई." "बाबा, ओळखलंत का मला?" असं तिने एकदाच विचारलं होतं. त्यांचा चेहरा गृहपाठ न केलेल्या पोरासारखा झाला. पुन्हा तिने तो प्रश्न तोंडातून काढला नाही. त्यांनी आपल्याला एकदा, फक्त एकदा, 'तू' म्हणावं, एवढीच तिची हाव उरली होती.

संग्रहालयाच्या या दालनात रविवारी सकाळी कुणीही यावं आणि भिंतीवरचं चित्र बघून आपलं चित्र काढावं, अशी सोय होती. खाली चाकांची खुर्ची सहज सरकेल अशी उंच टेबलं होती, पोरांसाठी बुटकी होती. पलीकडे दोन मुके भाऊ हातवारे करून भांडत होते. आवाज नसला तरी भांडण चांगलंच कडाक्याचं होतं.

आजचं चित्र साधं होतं. खिडकीत ठेवलेला निळा जग आणि शेजारी तीन लिंबं. वडील शेजारच्या खुर्चीवर बसून, हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे परक्या गावी आलेल्या पाहुण्यासारखे सभ्यपणे बघत राहिले. एके काळी हा माणूस चित्रकलेचा मास्तर होता. शाळेत मास्तर आणि घरी त्याहून मास्तर. हात कधी उगारला नाही, पण तोंडाचा पट्टा असा की पोरीने दहावी होताच ब्रश टाकला तो कायमचा. पुढे विमा कचेरीत तिने आकड्यांशी संसार थाटला. आकडे चुकले तरी अंगावर ओरडत नाहीत.

"आजोबा, ही तुमची कोण?" समोर बसलेल्या चिमुरडीने विचारलं. तिच्या नाकालाही रंग लागला होता.

"या होय?" वडिलांनी मुलीकडे आदराने पाहिलं. "या इथल्याच असाव्यात. फार सोशिक बाई आहेत."

चिमुरडीची आई ओशाळून हसली. मुलगीही हसली. आता घरी जावं, असं तिला वाटलं. उगाच आणलं यांना. इथे त्यांच्यासमोर कोरा कागद होता आणि घरीही कोरी भिंत होती. मग निदान आलोच आहोत म्हणून तिने स्वतःच ब्रश उचलला. इतक्या वर्षांनी तो बोटांत नीट बसेना. तिने जग काढला. तो एका बाजूला कलला. निळा रंग फासला, तोही बाहेर गेला. मग लिंबांची पाळी आली, आणि तिने तोच निळ्याने माखलेला ब्रश सरळ पिवळ्याच्या डबीत बुडवला.

तिचं मनगट कुणीतरी घट्ट धरलं.

"अगं ए गधडे!" वडिलांचा आवाज साऱ्या दालनात घुमला. "निळा ब्रश पिवळ्यात? सगळ्या डबीची वाट लावलीस! आधी धू, मग पूस, मग रंग घे. किती वेळा सांगायचं तुला? लक्ष कुठे असतं तुझं?"

चिमुरडी आईला बिलगली. त्या दोन भावांनीसुद्धा भांडण थांबवून मान वळवली. कार्यशाळा घेणारी ताई हातातलं टाकून धावत आली आणि वडिलांच्या खांद्यावर अलगद हात ठेवत म्हणाली, "आजोबा, शांत व्हा बरं. इथे कुणाचं काही चुकत नाही. कसंही रंगवलं तरी छानच असतं."

"छान कसलं डोंबलाचं!" वडील कडाडले.

मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते बघून ताई आणखीच घाबरली. "मी त्यांना जरा बाहेर घेऊन जाऊ का?" तिने हळूच विचारलं.

"नको, ताई, नको," मुलगी घाईघाईने म्हणाली. मनगट तिने सोडवून घेतलं नाही. "ओरडू द्या त्यांना. माझ्याशी बोलतायत ते."