पाठ केलेलं उत्तर

कोहिनूर गावच्या कोंडाबाईनं आईवेगळी भाची दहा वर्षं सांभाळली. १९७४ साली विलायतेत कामाला असलेल्या भावानं लेकीला तिकडच्या शाळेत घालायचं ठरवलं. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी तिथला नियम समजावला, “मुलीचं सगळं एकट्या बापानंच बघितलं, असं लिहून द्यायचंय. न्हाईतर परवानगी न्हाई.” “आन् मी?” “तुम्ही फक्त भाकर घातली, असं लिहायचं.” कोंडाबाई अंगठा पुढं करत म्हणाली, “लिवा.” भाचीनं कागद वाचला. “आत्या, हे खोटं हाय की.” “व्हय. पर मुंबईला साहेबानं इचारलं तर तू बी हेच सांग.” पोर रडली, तरी कोंडाबाईनं उत्तर पाठ करून घेतलं. विलायतेला जायची परवानगी देणाऱ्या मुंबईच्या कचेरीत साहेबानं विचारलंच, “तुला कुणी वाढवलं?” “वडलांनी,” पोर न अडखळता म्हणाली. परवानगी मिळाली. जिना उतरताना तिनं विचारलं, “आत्या, मी चुकले का?” “न्हाई गं माय, ब्येस बोललीस.”