हक्काचं माणूस

“मयताचे तुम्ही कोण?” दफनभूमीच्या कचेरीतल्या बाईंनी मान वर न करताच विचारलं.

“आम्ही एकत्र राहायचो,” फोटिस म्हणाला. “एकोणीस वर्षं.”

“म्हणजे भाडेकरू?”

“नाही हो.”

“मग नातेवाईक आणा. अस्थी रक्ताच्या नाहीतर लग्नाच्या माणसालाच मिळतात.”

फोटिस बाकावर बसला. पिशवीत वाइनची बाटली होती. इथे लारिसा शहरात जागेअभावी तीन वर्षांनी थडगं रिकामं करावं लागतं; घरची माणसं हाडं वाइनने धुऊन पेटीत ठेवतात. आर्गिरिसची हाडं आपल्या हातांनी धुवायची, एवढी एकच इच्छा त्याला उरली होती.

पुरुषाला पुरुषाशी लग्न करता येईल असा कायदा आला, तेव्हा फोटिस हात धुऊन मागे लागला होता. “माझी म्हातारी हाय खाईल रे,” आर्गिरिस म्हणायचा. “ती गेली की करू.” आठवड्यातले तीन दिवस तो व्होलोसच्या बंदरात कामाला असायचा. उरलेले चार भांडणात कशाला घालवा, म्हणून फोटिस गप्प बसायचा. म्हातारी राहिली ठणठणीत आणि त्याच वर्षी आर्गिरिसच गेला. अंत्यविधीला फोटिस चुलतभावांच्याही मागे उभा होता, परक्यासारखा.

दार उघडलं. आर्गिरिसची आई, एव्हान्थियाबाई, काठी टेकत आत आल्या. फोटिस चटकन उठून दाराकडे सरकला.

“कुठे निघालास?”

“तुम्हाला नको असेल तर...”

“बस खाली! एकोणीस वर्षं दोघं माझ्याशी खोटं बोललात. मी म्हातारी झाले, आंधळी नाही. तो गेला तेव्हा मी तुला धड रडूही दिलं नाही. चुकलंच माझं.”

त्यांनी काठी टेबलावर आपटली. “बाई, लिहून घ्या. हा माझ्या पोराचा नवरा. हाडं हाच धुणार.”

फोटिसला हुंदका आवरेना. हा एक शब्द ऐकायला तो एकोणीस वर्षं आसुसला होता.

बाईंनी वही उघडली, बोट ओळीवरून फिरवलं आणि तिथेच थांबवलं.

“पण आजी, नवऱ्याचं नाव इथे मिल्तोस आहे. लग्नाचा दाखलाही जोडलाय, व्होलोसचा, कायदा आला त्याच महिन्यातला. ते कालच अस्थी घेऊन गेले.”