मलकापूरची अंतरा

“शिदोरी अंतराच्या हाती देणार,” अंबादास म्हणाले. “ठरलं माझं.”

अनुजानं बाबांचा चहा बशीत ओतला आणि बशी त्यांच्यापुढं सरकवली.

कुरुंदवाडच्या वाचनालयातून भेटायला आलेला धोंडीराम मात्र हसला. “मलकापूरच्या वाचनालयातल्या पोरीला? आन् घरात एक ग्रंथपाल बसलीया की, सर! पिकतं तिथं इकत न्हाई, म्हंत्यात ते खरं हाय.”

शिदोरी अंबादासांनी ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर सुरू केली होती. जिल्ह्यातल्या लहान वाचनालयांत नव्या माणसाला काम शिकवायला कुणी नसे. म्हणून सगळ्या ग्रंथपालांनी मिळून इंटरनेटवर एक सामाईक कपाट उघडलं. ज्याला जे येतं त्यानं ते तिथं ठेवायचं, ज्याला लागेल त्यानं न्यायचं. धोंडीरामनं वाळवी लागलेली पुस्तकं कशी वाचवावीत याचा व्हिडिओ ठेवला होता. रविवारी सकाळी अंबादास टॅबवर सगळ्यांचा वर्ग घेत. आता डॉक्टरांनी डोळ्यांसाठी स्क्रीन कमी करायला सांगितलं होतं. शिदोरी कुणावर तरी सोपवणं भाग होतं.

“ही एका तरी वर्गाला बसलीय का, विचार,” अंबादास म्हणाले. “मी टॅब उघडला की ही आत जाऊन दार लावून घेती.”

“कॉलेजच्या लायब्ररीची कामं असतात, बाबा.”

“अंतराला न्हाईत कामं?”

हे नाव या घरात दिवसातून कितीदा यायचं. अंतरानं असं विचारलं, अंतराला लगेच उमगलं. आई गेल्यापासून बाबा मोकळेपणी हसायचे ते फक्त रविवारी, त्या मुलीच्या शंकांवर. अनुजा ते हसणं दाराआडून ऐकायची.

“तिचा चेहरा तरी पाहिलाय का तुम्ही?” ती म्हणाली. “कॅमेरा कायम बंद. आवाज नाही. नुसती टाइप करत बसते.”

“मलकापुरात रेंज नसंल,” धोंडीराम म्हणाला. “पर डोक्याला हाय की रेंज! बरं, येतो सर. कुरुंदवाडची गाडी चुकंल.”

तो गेल्यावर घरात दोघंच उरली. आई होती तेव्हा या दोघांचं बोलणं तिच्यामार्फत चाले. ‘बाबांना सांग’, ‘अनूला विचार’. आता मधलं माणूसच उरलं नव्हतं.

अनुजा उठली नाही. “त्या दिवशी तिनं विचारलं, वाचक वारला आणि वाचनालयाचं पुस्तक त्याच्या घरी राहिलं, तर मागायला कधी जावं.”

“चांगलं विचारलं.”

“तुम्ही आईचं सांगितलंत. तिनं अर्ध्यावर खूण घालून ठेवलेलं पुस्तक अजून उशाशी आहे. परत द्यायला निघता आणि चप्पल काढून पुन्हा आत येता.” तिनं आतल्या दाराकडं बोट केलं. “शेजारच्या खोलीत मी होते, बाबा. मला हे कधी सांगितलं नाहीत. एका परक्या मुलीला सांगितलंत.”

अंबादासांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“तू कधी विचारलंस?”

ती म्हणाली, “शिदोरी मला द्या. मी सांभाळते.”

“जळून मागतीयस तू. माणसाची जाण लागती त्याला. ती तिच्याकडं हाय.” त्यांनी टॅब ओढला आणि एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत लिहायला घेतलं. “आत्ताच विचारतो तिला.”

अनुजानं कपबशा उचलल्या आणि ती स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला. बराच वेळ सुरू राहिला.

“अनू! ये हिकडं. उत्तर आलं बघ.”

ती दाराशी येऊन उभी राहिली. अंबादास टॅब डोळ्यांशी धरून वाचत होते. “‘सर, तुमच्याकडून खूप मिळालं. पण मी नोकरी सोडतेय, शिदोरी मला झेपणार नाही. ती अनुजाताईंना द्या. त्यांना तुमच्याशी बोलायला जमत नसेल, पण शिदोरी त्या जिवापाड सांभाळतील.’”

ते थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“बघ. ह्याला म्हणत्यात मन. तू तिच्यावर जळतीस, आन् ती तुझ्यासाठी शब्द टाकती.” त्यांनी नाक ओढलं. “घे शिदोरी तू. पण अंतराच्या शब्दाखातर देतोय, ध्यानात ठेव. शीक तिच्याकडनं कायतरी.”

“होय, बाबा.”

तिला हवं ते मिळालं होतं, आणि तेही अंतराच्याच हातून. ती वळली, ओट्यापाशी गेली, उरलेली बशी विसळू लागली.

बाहेर अंबादास पुन्हा लिहायला बसले होते. पूर्वीपासूनच्या सवयीनं एकेक शब्द मोठ्यानं उच्चारत. “पोरी... नोकरी सोडलीस... तरी... एकदा... घरी... ये.”

त्यांनी बटण दाबलं. ओट्यावर अनुजाचा फोन वाजला. तिनं ओला हात ओढणीला पुसला आणि लिहिलं, ‘येते, सर.’